पाद्री, मौलवी आणि महात्मा : दिल्लीतल्या एका स्नेहपरंपरेची ओळख

१९२९ साली केंब्रिजच्या हेफर या प्रकाशनाने इंग्रजीत एक लहानसे चरित्र काढले. चरित्रनायक होते दिल्लीचे मुन्शी झकाउल्ला. गणिताचे अध्यापक, उर्दूतून गणिताची आणि इतिहासाची असंख्य पुस्तके लिहिणारे, जुन्या दिल्लीच्या अदबीत मुरलेले निष्ठावंत मुसलमान. चरित्रकार होते चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. हे गृहस्थ १९०४ च्या मार्चमध्ये दिल्लीत उतरले ते केंब्रिज मिशनचे पाद्री म्हणून, हिंदुस्थानात ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला. अशा पाद्र्याने एका मुसलमान वृद्धाचे चरित्र लिहावे आणि त्यात ना धर्मांतराची आशा असावी, ना इस्लामचे खंडन, फक्त एका थोर माणसाविषयीचा गाढ आदर असावा, हे त्या काळच्या मिशनरी वाङ्मयात विरळाच घडे. झकाउल्ला १९१० मध्ये वारले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात अँड्र्यूज त्यांच्या उशाशी जात असत. पुस्तक निघाले ते १९ वर्षांनी. इतक्या वर्षांत अँड्र्यूज यांनी मिशन सोडले होते, ते शांतिनिकेतनात राहायला गेले होते, आफ्रिका आणि फिजीच्या मळ्यांवरच्या हिंदी मजुरांसाठी जग पालथे घालून आले होते. तरीही दिल्लीतल्या त्या वृद्ध स्नेह्याचे ऋण त्यांच्या मनातून गेले नव्हते.

ख्रिस्ती माणसाचा आपल्या धर्माबाहेरच्या माणसांशी असलेला जिवाभावाचा संबंध हा या प्रस्तावनेचा विषय आहे. शेजारधर्म किंवा सणासुदीचा फराळ एवढ्यावर तो संपत नाही. ज्याच्यासमोर मन मोकळे करावे, ज्याच्या घरी मुक्काम करावा, ज्याच्यासाठी नोकरी, प्रतिष्ठा, कधी जीवही पणाला लावावा, असा हा संबंध आहे. दिल्लीत अशा संबंधांची एक सलग परंपरा सापडते. एका पिढीच्या स्नेहातून पुढच्या पिढीचा स्नेह उगवत गेला, आणि त्यात मराठी माणसांचाही हात आहे.

विषय अवघड आहे, कारण ख्रिस्ती शास्त्रातच दोन सूर आहेत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत एकीकडे विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड बांधले जाऊ नका, असा इशारा आहे. दुसरीकडे त्याच पत्रव्यवहारात तो म्हणतो की जोडीदार विश्वास ठेवणारा नसला, पण संसार करायला राजी असला, तर त्याला सोडू नये. आणि जगातल्या परक्या माणसांशी संबंधच नको म्हटले, तर जगच सोडावे लागेल, हेही तोच बजावतो. खुद्द येशूची कहाणी तर जकातदारांच्या पंगतीची आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी झालेल्या बोलण्याची. दोन हजार वर्षे चर्चच्या वेगवेगळ्या शाखांनी यातला कधी हा सूर उचलला, कधी तो.

हिंदुस्थानात या शास्त्रार्थाला समाजाची जोड मिळाली. बाप्तिस्मा घेतलेला माणूस जातीबाहेर पडे, घराचे दार बंद होई, विहीर बंद होई. मिशन त्याला आपल्या कंपाउंडात आसरा देई. नगर, जालना, कोलकाता, दिल्ली, सगळीकडे हेच घडले. कुटुंबाने बाहेर ढकलले आणि मिशनने आत ओढून घेतले. जुन्या सोयऱ्याधायऱ्यांशी बोलणे तुटले, ते असे दोन्ही बाजूंनी. त्यामुळे धर्माबाहेरची मैत्री टिकवायची म्हणजे दोन भिंती ओलांडायच्या, अशी येथल्या ख्रिस्ती माणसाची स्थिती होती. हे लक्षात घेतले तरच पुढच्या माणसांचे मोल कळते.

यातला पहिला ठळक माणूस मास्टर रामचंद्र. जन्म १८२१, पानिपतचा. कायस्थ घराणे. दिल्ली कॉलेजात शिकले आणि तिथेच गणित शिकवू लागले. कमाल-किमान मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्र न वापरता, हिंदी बीजगणिताच्या वळणाने कसे सोडवता येतात, यावर त्यांनी १८५० मध्ये कोलकात्याला एक ग्रंथ छापला. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना तो इतका भावला की त्यांच्या खटपटीने १८५९ मध्ये तो लंडनला पुन्हा छापला गेला. हा तरुण विद्वान उर्दूत नियतकालिके चालवी, पाश्चात्त्य विज्ञानाच्या गोष्टी दिल्लीकरांना त्यांच्याच भाषेत सांगे. जुलै १८५२ मध्ये रामचंद्र आणि त्यांचे स्नेही डॉ. चमनलाल यांनी काश्मीरी गेटजवळच्या सेंट जेम्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहर हादरले.

इथे एक छोटी हकीकत सांगितलीच पाहिजे. चमनलाल बादशहा बहादूरशहा जफर यांनाही औषधोपचार करीत. धर्म बदललेल्या या माणसाला दरबारातून काढा, असा आग्रह काही मंडळींनी धरला. बादशहाने तो मानला नाही. डॉक्टरचा धर्म ही त्याची खासगी बाब आहे, आणि त्याने काही लाजिरवाणे केलेले नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. सत्ता जवळजवळ संपलेल्या त्या वृद्ध सूफी कवीने हा न्याय दिला, तो १८५२ च्या दिल्लीत. आजच्या कितीतरी कचेऱ्यांना तो अजून जमलेला नाही.

रामचंद्रांचे आवडते विद्यार्थी होते झकाउल्ला. गुरू ख्रिस्ती झाला म्हणून शिष्याने गुरू टाकला नाही, आणि शिष्याने स्वतःचा धर्मही सोडला नाही. या नात्यातली अडचण लपवायचे कारण नाही. बाप्तिस्म्यानंतर रामचंद्रांनी इस्लामच्या खंडनाची पुस्तकेही लिहिली. ती वाचून कोणा मुसलमानाला सुख झाले असेल, असे नाही. पण कागदावरचा वाद एकीकडे आणि वर्गात जुळलेले गुरुशिष्यांचे मन दुसरीकडे, अशी दोन्ही टोके झकाउल्लांनी आयुष्यभर सांभाळली. त्यांच्या तोंडून रामचंद्रांविषयी जे ऐकले, त्यावरच अँड्र्यूज यांनी आपल्या पुस्तकात त्या गणितज्ञाचे चित्र काढले.

मग आला १८५७ चा मे महिना. ११ तारखेला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि त्याच दिवशी दर्यागंजातल्या आपल्या दवाखान्यापाशी डॉ. चमनलाल मारले गेले. रामचंद्रांवरही तीच वेळ होती. त्यांना वाचवले ते त्यांच्या हिंदू भावांनी. ज्या घराने बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्यावर राग धरला असेल, त्याच घराने त्यांना लपवले. नंतर एका जुन्या जाट नोकराच्या मदतीने ते शहराबाहेर पडले आणि खेड्यात दडले. त्याच दिवसांत, पुढे उर्दू कादंबरीचे जनक म्हणून गाजलेले नझीर अहमद यांच्या मुसलमान कुटुंबाने जखमी होऊन पडलेल्या एका इंग्रज बाईला घरात आसरा देऊन जगवले. शहर पेटलेले असताना माणसे एकमेकांचे धर्म विसरली नव्हती. ते पक्के ठाऊक असूनही त्यांनी दार उघडले.

सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. रामचंद्र आता सुरक्षित असायला हवेत, कारण धर्म जेत्यांचा. झाले उलटेच. रस्त्याने जाताना इंग्रज अधिकारी त्यांच्यावर मातीच्या गोळ्या मारीत, काठीने हाणीत. आपण ख्रिस्ती आहोत, सरकारी कामावर आहोत, हे सांगूनही उपयोग झाला नाही. अखेर त्यांनी शहराच्या लष्करी गव्हर्नराला, कर्नल बर्न यांना, पत्र लिहून हे सारे कळवले. ते पत्र वाचताना जीव कळवळतो. बंडवाल्यांपासून जे भोगले, ते धर्मासाठी म्हणून सोसता येत होते. पण आपल्याच धर्माच्या माणसांनी केवळ कातडी काळी म्हणून मारावे, याचे समाधान रामचंद्रांना कुठल्याच शास्त्रात सापडत नव्हते. हिंदू भावाने लपवले आणि ख्रिस्ती अधिकाऱ्याने मारले, हा अनुभव एकाच माणसाने एकाच वर्षात घेतला. धर्मबंधू कोण आणि परका कोण, हा प्रश्न हिंदी ख्रिस्ती माणसापुढे या वर्षाने उभा केला तो कायमचा.

याचे उत्तर देण्याचा प्रयत्न पन्नास वर्षांनी त्याच शहरात झाला.

केंब्रिज मिशन दिल्लीत आले १८७७ मध्ये. १ फेब्रुवारी १८८१ रोजी किनारी बाजारातल्या एका हवेलीत त्यांनी सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू केले. विद्यार्थी पाच. दहा वर्षांनी काश्मीरी गेटपाशी नवी इमारत उभी राहिली. वर्गात बसणारी मुले बहुसंख्येने हिंदू आणि मुसलमान होती. त्यामुळे कॉलेजात रोज जी मैत्री घडे, ती धर्म ओलांडूनच. पण प्राध्यापकांच्या खोलीत मात्र गोरे आणि काळे हा भेद जिवंत होता. १८८६ पासून तिथे शिकवणारे सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती. त्यांचे वडील तरुणपणी ख्रिस्ती झालेले. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा वयाने आणि अनुभवाने सर्वांत योग्य माणूस रुद्र होते. तरी पद दोन वर्षांपूर्वी आलेल्या अँड्र्यूजना द्यावे, असा विचार वरच्या मंडळींत होता. अँड्र्यूज यांनी साफ सांगितले, रुद्रांना डावलाल तर मी कॉलेज सोडीन. रुद्र प्राचार्य झाले, कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य, आणि १९२३ पर्यंत राहिले.

हा प्रसंग इथे मुद्दाम सांगितला. वरवर पाहता तो एकाच धर्मातल्या दोघांचा आहे. पण स्वतःच्या चर्चमध्ये हिंदी माणसाला बरोबरीचे स्थान देता येत नसेल, तर चर्चबाहेरच्या हिंदी माणसाशी मैत्री कसली करणार? ती मेहेरबानीच ठरली असती. अँड्र्यूज यांनी आधी घरातला हिशेब चुकता केला. पत्नीच्या अकाली मृत्यूनंतर मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या रुद्रांच्या घरात ते घरच्यासारखे राहिले. हिंदुस्थान आपल्याला कळला तो सुशीलच्या डोळ्यांनी, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. झकाउल्लांच्या बैठकीत जाऊन ते शिष्यासारखे बसू शकले, ते याच शाळेत तयार झाल्यामुळे.

या मैत्रीची किंमत त्यांच्या धर्मजीवनाला मोजावी लागली. अँग्लिकन उपासनेत त्या काळी अथानेशियसच्या नावाचा मतांगीकार म्हटला जाई. हा विश्वास जो धरीत नाही त्याचा कायमचा नाश होईल, अशा अर्थाची वाक्ये त्यात आहेत. झकाउल्लांसारख्या माणसाच्या घरून उठून आलेल्या पाद्र्याने चर्चमध्ये उभे राहून हे कसे म्हणायचे? अँड्र्यूज यांच्या घशात ही वाक्ये अडकू लागली. पुढे १९१४ मध्ये त्यांनी मिशन सोडले, पाद्रीपणाचा अधिकार चालवणेही थांबवले. ख्रिस्ताला मात्र सोडले नाही. उलट तेव्हापासून त्यांची ख्रिस्तभक्ती अधिक उघड, अधिक आर्त झालेली दिसते. इतर धर्मांच्या माणसांत मिसळल्याने श्रद्धा पातळ होते, असे मानणाऱ्यांनी हे आयुष्य नीट पाहावे. अँड्र्यूज यांच्या बाबतीत मैत्रीने श्रद्धेतला शाप वेगळा काढला आणि प्रेम ठेवले.

मिशन सुटण्याआधीचा एक धागा थेट पुण्याकडे येतो. १९१३ च्या अखेरीस नामदार गोपाळ कृष्ण गोखले आजारी शरीराने दिल्लीत बसून दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या सत्याग्रहासाठी पैसे जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपली शिल्लक त्यांच्या हवाली केली आणि स्वतःच जायला तयार झाले. बरोबर विल्यम पिअर्सन, जे दिल्लीत लाला सुलतानसिंहांच्या घरी त्यांच्या मुलाला शिकवीत. जानेवारी १९१४ मध्ये दर्बनच्या धक्क्यावर उतरताच अँड्र्यूज यांनी गांधींच्या पायांना हात लावला. गोऱ्या वस्तीत याचा केवढा गहजब झाला! तिथून दोघांचा जन्माचा स्नेह जुळला. पत्रांत एक ‘मोहन’ आणि दुसरा ‘चार्ली’. इतक्या जवळिकीने गांधींना हाक मारणारी माणसे फार थोडी होती.

ही मैत्री गोडीगुलाबीची नव्हती. १९१८ मध्ये गांधी सैन्यभरतीसाठी फिरू लागले, तेव्हा अँड्र्यूज यांनी त्यांना अहिंसेची आठवण करून दिली. १९२१ मध्ये विलायती कपड्यांच्या होळ्या पेटल्या, तेव्हाही त्यांनी विरोध कळवला. त्यांना त्या आगीत द्वेष दिसला. १९३६ मध्ये वाद झाला तो सर्वांत नाजूक विषयावर, धर्मांतरावर. कोणी सद्सद्विवेकाने ख्रिस्ती होऊ म्हणाला तर त्याला अडवू नये, हे अँड्र्यूज यांचे म्हणणे. माणसाने आपल्याच धर्मात खोल जावे, हे गांधींचे. दोघांपैकी कोणीही मत सोडले नाही, आणि मैत्रीही सोडली नाही. आज ज्याला संवाद म्हणतात, त्यात बरेचदा अवघड विषय टाळलेले असतात. या दोघांनी ते टाळले नाहीत, म्हणून त्यांचा स्नेह विश्वासार्ह वाटतो.

दिल्लीत आले की गांधींचा मुक्काम काश्मीरी गेटला, प्राचार्य रुद्रांकडे. १९१५ पासूनचा हा परिपाठ. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मिशनच्या कॉलेजचा प्राचार्य सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसाला घरी उतरवून घेत होता. आपल्यामुळे कॉलेज अडचणीत येईल, ही शंका गांधींनी बोलून दाखवली, तेव्हा रुद्रांनी ती बाजूला सारली. खिलाफतीच्या प्रश्नावर गांधींनी व्हाइसरॉयना लिहिलेल्या पत्राचा मसुदा याच छपराखाली तयार झाला. म्हणजे मुसलमानांच्या गाऱ्हाण्यासाठी एका हिंदूने लिहिलेले पत्र, एका ख्रिस्ती गृहस्थाच्या घरात. जून १९२५ मध्ये रुद्र गेले, तेव्हा गांधींनी ‘यंग इंडिया’त मृत्युलेख लिहून हे ऋण जाहीरपणे मान्य केले. रुद्र सभा गाजवणारे नव्हते, त्यांच्या नावाने चळवळ नाही, पुतळा नाही. पण या कथेतला सर्वांत मोठा धोका शांतपणे पत्करणारा माणूस निवडायचा, तर तो रुद्र आहेत.

अँड्र्यूज यांचे आणखी एक स्नेही म्हणजे गुरुकुल कांगडीचे महात्मा मुन्शीराम, पुढचे स्वामी श्रद्धानंद. आर्यसमाजाचे नेते, पुढे शुद्धीच्या, म्हणजे धर्मांतरितांना परत हिंदू करून घेण्याच्या, चळवळीचे अग्रणी. मिशनरी आणि आर्यसमाजी यांचे त्या काळी विळ्याभोपळ्याचे वैर. तरी १९१३ पासून या दोघांत भावासारखी जवळीक होती. ४ एप्रिल १९१९ रोजी श्रद्धानंदांना मुसलमानांनी जामा मशिदीच्या मिंबरवरून बोलायला उभे केले. पुढच्या काही वर्षांत शुद्धी आणि मुसलमानांची तबलीग या चळवळींनी वातावरण विषारी झाले आणि २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीतच त्यांची हत्या झाली. स्नेहाची ही परंपरा काही विजययात्रा नाही. ती पुन्हा पुन्हा हरली आहे, आणि हरलेल्या जागी पुन्हा कोणी ना कोणी उभे राहिले आहे.

१९२४ चा सप्टेंबर हा असाच एक प्रसंग. कोहाटच्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर गांधींनी दिल्लीत २१ दिवसांचा उपास मांडला. सुरुवात मौलाना महंमद अलींच्या घरी झाली, पुढे सुलतानसिंहांच्या कुटुंबाच्या ‘दिलखुश’ बंगल्यात त्यांना हलवले. डॉ. अन्सारी आणि हकीम अजमल खान प्रकृतीवर नजर ठेवून होते. अँड्र्यूज शुश्रूषा करीत, पाहुण्यांना आवरीत आणि ‘यंग इंडिया’ची जबाबदारीही वाहत. शहरात एकता परिषद भरली, तिला कोलकात्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट आले. ८ ऑक्टोबरला उपास सुटला. इमामसाहेबांनी कुराणातल्या आयती म्हटल्या, अँड्र्यूज यांनी ख्रिस्ताच्या क्रुसावरचे, गांधींना प्रिय असलेले इंग्रजी भजन गायिले, विनोबांनी उपनिषदे म्हटली आणि बाळकोबांनी वैष्णवाचे भजन. गागोद्याचे भावे बंधू आणि न्यूकॅसलचा पाद्री एका खाटेच्या कडेला उभे राहून आपापल्या देवाला आळवीत होते. कोणी दुसऱ्याचे भजन उसने घेतले नाही. प्रत्येकाने आपलेच गायिले.

मराठी वाचकाला या विषयाची दुसरी बाजू घरचीच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. १८६६ च्या कायद्याने अशा धर्मांतरितांना जुना विवाह मोडायची वाट करून दिली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाई आधी नातेवाइकांकडे राहिल्या, पुढे नगरला आल्या, आणि तिथेही आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. पाच-एक वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने, आपल्या वेळेला. या वर्षांचे जे चित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, त्याची सर कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथाला येणार नाही. मित्राच्या घरून रात्री आपल्या घरी परतता येते, नवराबायकोला ती सोय नसते. एकाची प्रार्थना आणि दुसऱ्याचे सोवळे एकाच चुलीशी येऊन भिडते. टिळकांनी पुढे १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा ठेवली. मिशनला ते मानवणारे नव्हते. आपल्या घरात ते जे शिकले होते, तेच त्यांनी दरबारात आणले, असे म्हणायला हरकत नाही.

दिल्लीत पुढच्या पिढीत राजकुमारी अमृत कौर दिसतात. वडील हरनामसिंह कपूरथळ्याच्या राजघराण्यातले, ख्रिस्ती झालेले. गोखल्यांचे त्यांच्याकडे जाणेयेणे होते, आणि गांधींचे नाव अमृत कौर यांच्या कानी पडले ते गोखल्यांमुळे. सेवाग्रामात त्यांनी वर्षानुवर्षे गांधींच्या चिटणीसाचे काम केले. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. एम्सचा १९५६ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांचे फळ. ख्रिस्ती त्या शेवटपर्यंत राहिल्या.

आणि डिसेंबर १९४८ मधली संविधान सभेची ती बैठक. धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्कही द्यावा का, यावर दिल्लीत खल चालला होता. टी. टी. कृष्णमाचारी उठले आणि आपण सुमारे १४ वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, तरी कोणी आपला धर्म बदलायला लावले नाही, असे त्यांनी सांगितले. प्रसाराचा हक्क संविधानात राहिला. आज तो २५ व्या अनुच्छेदात आहे. तो टिकण्यामागे कायदेपंडितांचा युक्तिवाद होता, तसाच शाळेच्या बाकावर कमावलेला हा विश्वासही होता. शाळा-कॉलेजांतून ख्रिस्ती शिक्षकांनी पिढ्यान् पिढ्या जे पेरले, ते असे एका अनपेक्षित जागी उगवले.

आजची दिल्ली वेगळी आहे. राजधानीच्या लोकसंख्येत ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी. त्यात केरळच्या परिचारिका आहेत, ईशान्येकडून शिकायला आलेली मुले आहेत, पंजाबी दलित कुटुंबे आहेत, झारखंडच्या आदिवासी घरकामगार बाया आहेत. इतक्या विखुरलेल्या समाजाचे रोजचे जगणे धर्माबाहेरच्या माणसांतच जाते: घरमालक, सहकारी, वर्गमित्र, प्रेमपात्र. नाताळच्या रात्री गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलपाशी जी गर्दी लोटते, तिच्यात ख्रिस्ती थोडे आणि इतरच फार. १९७२ मध्ये कुर्सियाँगहून दिल्लीत आलेल्या विद्याज्योती या जेझुइट संस्थेत इस्लामचा गंभीर अभ्यास होत आला. तिथे शिकवणारे फादर ख्रिश्चन ट्रोल यांनी सर सय्यद अहमद खानांच्या धर्मविचारावर लिहिलेला १९७८ चा ग्रंथ मुसलमान अभ्यासकही आधाराला घेतात. झकाउल्ला आणि अँड्र्यूज यांचा वारसा अशा अभ्यासिकांत जिवंत आहे.

विवाहाचे मात्र तसे नाही. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो. नोंदणी पद्धतीने जायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, ज्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. नोटिशीच्या त्या दिवसांत किती जोडप्यांवर घरच्यांचा आणि बाहेरच्यांचा दबाव येतो, हे या शहरातले वकील जाणतात. कॅथलिक चर्च बिशपच्या परवानगीने असा विवाह लावते. कित्येक इतर मंडळ्या बाप्तिस्म्याशिवाय लावीतच नाहीत. त्यात राजधानी क्षेत्राची एक खास अडचण आहे. दिल्लीत धर्मांतरविरोधी कायदा नाही. यमुना ओलांडून नोएडात गेले की उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा, आणि गुरुग्रामला गेले की हरियाणाचा २०२२ चा कायदा. एकाच मेट्रोच्या मार्गावर, काही स्थानकांच्या अंतरात, एखाद्या मित्राला चर्चमध्ये घेऊन जाण्याचा अर्थ बदलू शकतो. साध्या स्नेहाकडे पोलिसी नजरेने पाहण्याची सवय लागली, तर सर्वांत आधी मरतो तो स्नेहच, आणि हे नुकसान फक्त ख्रिस्ती माणसांचे नाही.

ख्रिस्ती मंडळींनाही आपल्या बाजूचे काही तपासावे लागेल. शेजाऱ्याशी मैत्री करा, म्हणजे एक दिवस तो चर्चमध्ये येईल, अशी शिकवण काही मंडळ्यांत उघड दिली जाते. अशा मैत्रीत समोरचा माणूस साधन होतो, आणि त्याला ते कळल्याशिवाय राहत नाही. अँड्र्यूज आपली श्रद्धा लपवीत नव्हते. ते ख्रिस्ताविषयी झकाउल्लांशीही बोलत आणि गांधींशीही. पण झकाउल्ला मुसलमान म्हणून गेले, याने त्यांच्या मैत्रीत काही उणे राहिले असे त्यांना कधी वाटले नाही. या परंपरेचा गाभा हाच आहे. या स्नेहाला धर्म बदलण्याची अट नव्हती, आणि धर्म बाजूला ठेवण्याचीही नव्हती.

काश्मीरी गेटची कॉलेजची जुनी इमारत आज दिल्लीच्या निवडणूक कार्यालयाच्या ताब्यात आहे. दक्षिण दिल्लीत अँड्र्यूजगंज नावाची वसाहत आहे. रुद्र, रामचंद्र आणि झकाउल्ला यांची आठवण बव्हंशी ग्रंथालयांपुरती उरली आहे. या थोरांचे निदान कागद तरी मागे राहिले. त्यांच्याभोवतीच्या सामान्य माणसांचे, एकमेकांची मुले सांभाळणाऱ्या शेजारणींचे, मिशनच्या दवाखान्यात एकत्र राबलेल्या परिचारिकांचे, घरच्यांचा रोष पत्करून लग्न केलेल्या जोडप्यांचे, तेवढेही राहिलेले नाही. दिल्लीत, नगरमध्ये, वसईत, ज्यांच्या घरी अशी पत्रे, छायाचित्रे, रोजनिश्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून हकीकती लिहून घ्याव्यात, नावे आणि साल घालून.